तीन मशीन, अठरा मुलं: तिसरी-चौथीला संगणक काय आणि कसा शिकवावा?

पाटण_तालुका

नमस्कार. सातारा जिल्ह्यातली डोंगरातली द्विशिक्षकी जि. प. शाळा आहे. तिसरी-चौथी एकत्र बसतात, दोन्हींचा मिळून पट १८. सामान असं: दोन जुने डेस्कटॉप (४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, विंडोज १०, सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतात), एक बरा लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर. एका डेस्कटॉपवर रोज तारीख मागे जाते. वीज बेभरवशाची. इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही ओसरीवर उभं राहिलं तरच.

आठवड्याला कार्यानुभवाची ४० मिनिटांची एक तासिका यासाठी देता येईल. सहज मिळणारं साहित्य म्हणजे "हा मॉनिटर, हा कीबोर्ड" अशी नावं पाठ करणं आणि पेंटमध्ये झोपडी रंगवणं. एवढ्यासाठी मुलांची तासिका खर्च करायला मन धजत नाही. मला विचारायचंय ते असं: एवढ्या सामानात प्रत्येक मुलाच्या हाताला काही लागेल अशी आखणी कशी करायची? सुरुवात कशापासून? आणि हे जुने डबे वापरण्याजोगे होतील का? मराठी टायपिंग या वयात घ्यावं का, तेही सांगा.

माणदेशी

मॅडम, पहिले सहा-सात आठवडे मशीन सुरूच करू नका. अठरा मुलांत तीन मशीन म्हणजे पंधरा जण पाठीमागून डोकावणार. त्याऐवजी सूचना देणं, त्या क्रमाने लावणं आणि चूक शोधणं हे जमिनीवर शिकवलं तर मशीनसमोर मिळणारी दहा मिनिटं वाया जात नाहीत.

वर्गात दोन बाय दोन फुटांची शहाबादी फरशी असेल तर आखणी तयारच आहे, एक फरशी म्हणजे एक घर. कोबा असेल तर खडूने दीड-दीड फुटाची ५ बाय ५ घरं आखा. यापेक्षा लहान घर नको, मुलाला दोन्ही पाय आत ठेवून वळता आलं पाहिजे. एक आखणी वर्गात, एक ओसरीवर. तिघांचा एक गट, म्हणजे सहा गट. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येक गटासाठी पत्ते करा: १२ "पुढे", ५ "उजवीकडे वळ", ५ "डावीकडे वळ" आणि २ "पुन्हा". "पुन्हा"वर किती वेळा ते पेन्सिलीने लिहायला जागा ठेवा.

गटातला एक जण पत्ते मांडतो, एक रोबो होतो, तिसरा पत्त्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचतो. बोट ठेवणारा फार महत्त्वाचा. तो नसेल तर कुठल्या पत्त्यावर गाडं घसरलं ते कुणालाच सांगता येत नाही आणि मुलं सगळे पत्ते गोळा करून पहिल्यापासून मांडायला बसतात. ही सवय इथेच मोडायची. चूक सापडली की तेवढाच पत्ता बदलायचा.

ज्या गटांना फरशी मिळालेली नाही त्यांनी चौकटीच्या वहीवर तोच मार्ग तपासायचा. तिथे चिंचोका सरकवायला देऊ नका, त्याला तोंड नसतं, कुठे वळलाय ते कळत नाही. खोडरबरावर बाण काढून द्या.

हमखास होणाऱ्या चुका:

"डावीकडे वळ" म्हटलं की मुलं डावीकडच्या घरात जातात. वळणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे पहिल्या दिवशीच करून दाखवा: वळताना घर बदलत नाही.

रोबो आपल्याकडे तोंड करून असला की पत्ते मांडणारा स्वतःचं डावं-उजवं लावतो. पहिले दोन आठवडे त्याला रोबोच्या पाठीमागे उभं करा, नंतर समोर. रोबोच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला की भांडणं थांबतात.

उभं असलेलं घर "एक" धरून मोजतात, म्हणून नेहमी एक घर कमी पडतं. घरं मोजायची नाहीत, उड्या मोजायच्या.

आणि सगळ्यात चिवट चूक: रोबो झालेलं मूल मैत्रिणीची चूक आपणहून सुधारून बरोबर घरात जातं. म्हणून कुठल्या घरात पोचायचंय ते रोबोला सांगायचंच नाही.

हे बसलं की "पुन्हा" काढा. "पुढे, पुढे, उजवीकडे वळ" हे चार वेळा केलं की रोबो चौरस फिरून मूळ जागी, मूळ दिशेला येतो. बारा पत्त्यांचं काम तीन पत्ते आणि एका "पुन्हा"त झालं हे मुलांना स्वतः मोजू द्या.

त्यानंतर ठिपक्यांचे पत्ते घ्या. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या लोकांनी बिनसंगणकाच्या अशा खेळांचा मोठा संच केलाय, त्यातला हा फार गाजलेला. पाच पत्ते, त्यांवर १६, ८, ४, २, १ ठिपके, मागची बाजू कोरी. पाच मुलं ओळीत उभी. ठिपके दिसले तर १, कोरी बाजू दिसली तर ०. १९ करायचे तर १६, २ आणि १ उघडे, म्हणजे १००११. पाच पत्त्यांत ० ते ३१ सगळे आकडे बसतात, म्हणून महिन्यातली कुठलीही तारीख मांडता येते. वाढदिवसाच्या तारखा मांडायला लावा, तासिका कशी संपते कळत नाही. एक काळजी घ्या: १ ठिपक्याचं मूल बघणाऱ्यांच्या उजव्या हाताला हवं. मुलं स्वतःच्या उजव्या हाताने रांग लावतात आणि सगळं उलटं वाचलं जातं.

मिरज_जंक्शन

वरच्या प्रतिसादाला +१. एक भर घालतो, तुमच्याच भागातली. फळ्यावर सात गावं गोल करून लिहा: सातारा, मेढा, केळघर, पाचवड, वाई, पाचगणी, महाबळेश्वर. रेघांवर मिनिटं टाका. सातारा-मेढा ३५, मेढा-केळघर १५, केळघर-महाबळेश्वर ५०. दुसऱ्या बाजूने सातारा-पाचवड २५, पाचवड-वाई २०, वाई-पाचगणी ३०, पाचगणी-महाबळेश्वर ३५. (आकडे खेळापुरते आहेत, एसटीचं वेळापत्रक नव्हे.) लवकरात लवकर महाबळेश्वर गाठायचं.

बहुतेक मुलं साताऱ्यातून निघताना ३५ आणि २५ पाहून २५ धरतात आणि ११० मिनिटांत पोचतात. मेढ्याकडून १०० होतात. पहिली रेघ लहान म्हणून अख्खा रस्ता लहान नसतो, हे आकडे मुद्दाम असे ठेवल्याशिवाय उमगत नाही. मग केळघरचा घाट दरडीने बंद करा, खडूची रेघ पुसा आणि पुन्हा विचारा. पावसाळ्यात हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सांगली-जतकडच्या शिक्षकांनी मिरज, कवठेमहांकाळ, विटा, तासगाव घेऊन असाच नकाशा करावा.

सोल्डर_गन

डबे वापरण्याजोगे होतील. पण उघडण्याआधी जडसंग्रह (टिकाऊ सामानाच्या) नोंदवहीत काय आहे ते बघा आणि सुटे भाग बदलण्याचा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. जुनी हार्डडिस्क फेकायची नाही, नोंद करून कपाटात ठेवायची. हे आधी केलं नाही तर पुढे तपासणीत विनाकारण खुलासे द्यावे लागतात.

तारीख मागे जाते त्याचं कारण मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. सीआर २०३२ हा नंबर सांगा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. + ची बाजू वर. तारीख चुकीची असेल तर वेबसाइटही उघडत नाहीत, "कनेक्शन सुरक्षित नाही" असं दाखवतात, आणि दोष नेटला दिला जातो. सेल बदलल्यावर तारीख-वेळ एकदा नीट लावा.

मग धूळ. प्लग काढून, डबा बाहेर अंगणात नेऊन, मऊ ब्रशने. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवा, नाहीतर पंखा वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग जातं. रॅमची पट्टी काढून सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कण झटका आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् वाजेपर्यंत बसवा. सुरू करताना नुसता बीप वाजून पडदा काळा राहतो तेव्हा बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं. मदरबोर्डवरचे उभे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा पाझरलेले दिसले तर मात्र त्या मशीनवर पैसे घालू नका.

खरा फरक एसएसडीने, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान साठवणीने पडतो. २४० किंवा २५६ जीबीची, अडीच इंची, साटा प्रकारची घ्या. पाच-सात मिनिटांचं सुरू होणं मिनिटभराच्या आत येतं. ४० मिनिटांच्या तासिकेत याची किंमत तुम्हीच जाणता. रॅम ४ जीबीच राहिली तरी प्राथमिकच्या कामाला चालेल.

विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन कायम नेटवर नसेल तर आहे तेच चालू ठेवता येईल, पण नवी एसएसडी टाकताच आहात तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना ते आधी बघा, मिंटची मुख्य आवृत्ती २० पासून ३२ बिटसाठी येत नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर करून घ्या आणि हे काम तालुक्याच्या गावी, बऱ्या नेटवर करा. टक्स पेंट (मुलांचं चित्रं काढायचं) आणि जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळांचा संच) तिथेच उतरवून घ्या. दोन्ही मोफत आहेत आणि नेटशिवाय चालतात.

यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर एका यूपीएसवर एकच डेस्कटॉप, आणि दहा-पंधरा मिनिटं एवढीच अपेक्षा. ती फाइल जतन करून मशीन नीट बंद करण्यासाठी आहेत, तास पुरा करण्यासाठी नाहीत. प्रोजेक्टर त्यावर लावू नका. मे महिन्यात यूपीएस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिला की बॅटरी मरते. सुट्टीतही महिन्यातून एकदा दिवसभर चार्जिंगला लावायला कुणाला तरी सांगून ठेवा.

घाटमाथा

आता मशीनसमोरचं. १८ मुलं, ३ मशीन, प्रत्येकी २ मुलं. एका फेरीत ६ जण. १२ मिनिटांच्या तीन फेऱ्या म्हणजे ३६ मिनिटं, उरलेली ४ जागा बदलायला. सहा मिनिटांनी घंटा: माऊस धरणारा आणि सांगणारा यांची अदलाबदल. सांगणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही, माऊसवाल्याने न सांगितलेलं करायचं नाही. घंटा नसेल तर माऊस त्याच दोन-तीन धीट मुलांकडे राहतो, हे कुठल्याही शाळेत बघायला मिळेल. मशीन परिपाठाच्या वेळीच सुरू करून ठेवा. बाकीचे बारा जण रिकामे नसतात, ते पुढच्या फेरीचा प्रोग्राम वहीत लिहितात. वहीत लिहिलेलं दाखवल्याशिवाय मशीनवर बसायचं नाही.

साधन म्हणून स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे रंगीत ब्लॉक एकमेकांना जोडून पडद्यावरचं मांजर हलवायचं मुलांचं प्रोग्रामिंग. एमआयटीच्या मीडिया लॅबचं, २००७ पासूनचं, साधारण ८ वर्षांपुढच्या मुलांसाठी. पहिली-दुसरीला घ्यायचं झालं तर स्क्रॅच ज्युनियर, त्यात वाचावं लागत नाही, सगळी चित्रं. विंडोजसाठी स्क्रॅचचं नेटशिवाय चालणारं ॲप आहे. लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही, तिथे टर्बोवार्प डेस्कटॉप टाका, ब्लॉक तेच आणि फाइलही तीच.

ब्लॉकवरचं इंग्रजी पाहून घाबरू नका. लागणारे दहा-बारा ब्लॉक मोठ्या कागदावर रंगासकट काढून भिंतीवर लावा आणि शेजारी मराठीत काम लिहा: हालचालीचे निळे, सुरुवातीचे पिवळे, "रिपीट" आणि "वेट" नारिंगी. मुलं रंग आणि आकारावरून शोधतात.

पहिला प्रोग्राम तुमच्या फरशीवरचाच चौरस. रेघ काढणारे पेनचे ब्लॉक आधी दिसत नाहीत, डाव्या कोपऱ्यात खाली जोडणीचं बटण आहे तिथून घ्यावे लागतात. सुरुवातीचे ब्लॉक तुम्हीच जोडून फाइल तयार ठेवा: हिरवा झेंडा, मध्यावर जा, दिशा ९०, इरेज ऑल, पेन डाऊन. हे नसेल तर मांजर मागच्या वेळी जिथे थांबलं तिथून निघतं आणि "मघाशी बरोबर आलं, आता नाही" अशी तक्रार सुरू होते. मुलांनी जोडायचं एवढंच: रिपीट ४, आत मूव्ह १००, वेट १, टर्न ९०. वेट हवाच. त्याच्याशिवाय चौरस डोळ्याचं पातं लवायच्या आत काढून होतो आणि क्रम दिसत नाही. ०.५ सेकंद लिहू नका, या वर्गाला दशांश अजून आलेला नसतो.

याच कारणासाठी एक्स-वाय देऊन जागा सांगणारे ब्लॉक मुलांना देऊ नका. स्क्रॅचचा मंच मध्यापासून डावीकडे उणे २४० आणि खाली उणे १८० पर्यंत जातो, आणि ऋण संख्या चौथीत नाहीत. मूव्ह आणि टर्नवर वर्षभराचं काम भागतं.

नंतर त्रिकोण, आणि इथे मोठी माणसंही अडतात. रिपीट ३ आणि टर्न ६० केलं की त्रिकोण बंद होत नाही, अर्धा षटकोन निघतो. मांजर आतल्या कोनातून वळत नाही, सरळ चालत आलेल्या दिशेपासून बाहेरच्या कोनातून वळतं, म्हणून १२०. उत्तर सांगू नका. एका मुलाला फरशीवर त्रिकोण चालायला लावा आणि प्रत्येक कोपऱ्यावर तो किती फिरला ते सगळ्यांना बघू द्या. मग ३६० भागिले बाजू हे मुलं स्वतः शोधतात आणि षटकोन, अष्टकोन मागतात. मूव्ह मात्र १०० च्या खाली ठेवा, अष्टकोनाला ६० पुरे. आकृती मंचाबाहेर जायला लागली की मांजर कडेला अडतं आणि आकृती वाकडी येते.

फाइलला नाव गटाचं: "चौथी-गट२". स्क्रॅचने सुचवलेलं नाव ठेवलं तर दुसरी जोडी पहिलीची फाइल पुसून टाकते.

जत_पूर्व

टायपिंग घ्यावं, पण चौथीलाच आणि दहा मिनिटांपलीकडे नाही. आणि थेट इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळफलकावर. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत मोठ्यांना सोपी वाटते. मराठी माध्यमाच्या मुलाला ती दोनदा विचार करायला लावते, आधी इंग्रजी स्पेलिंग, मग मराठी अक्षर.

इनस्क्रिप्टमध्ये स्वरचिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. एच, जे, के, एल या चार कळा म्हणजे प, र, क, त. पहिल्या आठवड्यात एवढ्यांवरच: कर, तर, पत, परत, करत. दुसऱ्या आठवड्यात इंग्रजी ई (E) ची कळ घ्या, तिच्यावर काना: काका, तारा, पारा.

कुठे अडतं ते सांगतो. ऱ्हस्व वेलांटी वहीत अक्षराआधी काढतात, म्हणून मुलं आधी एफ दाबतात आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ येतं. आधी व्यंजन, मग वेलांटी. तोंडाने "क ला पहिली वेलांटी" म्हणत टाइप करायला लावलं की क्रम आपोआप बसतो. जोडाक्षराला मधे डी, म्हणजे हलन्त: "पत्र" ला एच, एल, डी, जे. रफारही तसाच, उच्चारात र आधी येतो म्हणून "सूर्य" मध्ये आधी र, मग हलन्त, मग य. "पायऱ्या" मध्ये मात्र साधा र घेतला तर रफार येऊन "पायर्या" होतं. तिथे शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. ळ ला शिफ्ट धरून एन.

फॉन्ट युनिकोडच ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं दुसऱ्या मशीनवर अगम्य चिन्हांत उघडतं आणि मुलाने केलेलं काम वाया जातं. ते फार वाईट वाटतं मुलांना.

घाटमाथा

@जत_पूर्व, इनस्क्रिप्टबद्दल सहमत, वेळेबद्दल नाही. आठवड्याला जोडीला १२ मिनिटं मिळतात, त्यातली १० टायपिंगला दिली तर उरलं काय? पहिल्या सत्रात टायपिंग नकोच. दुसऱ्या सत्रात कळफलकाचा कागदी तक्ता देऊन बोटं वर्गात बसवा आणि मशीनवर फक्त आपल्या प्रोग्रामचं नाव आणि मांजराच्या तोंडी एक वाक्य टाइप करू द्या. गरज पडली की मुलं कळ शोधतात.

जत_पूर्व

कागदी तक्ता मान्य. फक्त तो खऱ्या कीबोर्डच्या मापाचा असू द्या. लहान छापला तर बोटांना चुकीचं अंतर पाठ होतं.

पाटण_तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. फरशीचं उद्यापासूनच सुरू करते. ठराव पुढच्या बैठकीत मांडते. दोन शंका राहिल्या. बऱ्याच मुलांना डबल-क्लिक जमत नाही, काय करावं? आणि एका डेस्कटॉपच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात. हे धोक्याचं आहे का?

घाटमाथा

डबल-क्लिक: दोन क्लिकच्या मधे लहान हात माऊस हलवतो, म्हणून फसतं. सेटिंगमध्ये डबल-क्लिकचा वेग सगळ्यात कमी करा, बाणाचा वेगही कमी आणि बाणाचा आकार मोठा. सरावाला टक्स पेंट, त्यात डबल-क्लिक लागतच नाही. डावखुऱ्या मुलासाठी बटणांची अदलाबदल करू नका, दर सहा मिनिटांनी जोडी बदलते तेव्हा गोंधळ होईल. माऊस नुसता कीबोर्डच्या डावीकडे ठेवा, त्यासाठी वायर पुरेशी लांब हवी.

सोल्डर_गन

मॅडम, झिणझिण्या येत असतील तर आजच ते मशीन बंद करून प्लग काढा. मुलांना त्याच्याजवळ बसवू नका. जवळजवळ नक्कीच अर्थिंग नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याकडे फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून पाझरणारा करंट जमिनीत जातो, नसेल तर डब्यावर पुरवठ्याच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण ओली फरशी, अनवाणी मूल, आणि त्यात सप्लायमध्ये खरोखर बिघाड झाला तर अर्थिंगशिवाय वाचवायला काही नाही.

आधी साधं बघा: मधे दोन पिनांचा ॲडॅप्टर लावलाय का, किंवा थ्री-पिनची जाड पिन कुणी कापलीय का. तसं नसेल तर परवानाधारक वायरमनकडून बोर्डवर मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत आणि फेज ते अर्थ जवळजवळ फेज ते न्यूट्रल एवढेच. फेज ते अर्थ खूप कमी भरले तर अर्थची तार कुठेतरी तुटलीय किंवा खड्डा कोरडा पडलाय. कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालावं लागतं, मुरमाड जमिनीत जास्तच. अर्थिंग झाल्यावर मीटरवर पुन्हा मोजून मगच मशीन सुरू करा.

वळवाचा पाऊस लागला की शाळा सुटताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग बोर्डातून ओढून ठेवायचा. प्रोजेक्टरचाही.